सिंकपाशी येणाऱ्या मुंग्या

ओल्या कचऱ्याची बादली हा वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न आहे असे म्हटले, तर काही वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. नायगावात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवल्यानंतर मला तसे वाटत नाही. इथल्या जुन्या इमारती तीन-चार मजली आहेत. बहुतेकींना लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या आहेत. एका हातात गळकी बादली, दुसरा हात कठड्यावर, पायात झिजलेली चप्पल आणि मोतीबिंदूने धूसर झालेली नजर अशा अवस्थेत सकाळी खाली उतरणाऱ्या किती आजींची मनगटे आणि खुबे मोडलेले मी पाहिले, त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

माझे आईवडील अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, बाबा त्र्याऐंशीचे. बारा वर्षांपूर्वी आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि रोज जिना उतरणे बंद झाले. तेव्हा धाकट्या बहिणीने हट्टाने स्वयंपाकघरातील सिंकखाली ओला कचरा दळणारे यंत्र बसवून घेतले. दुकानदार त्याला ‘फूड वेस्ट डिस्पोजर’ म्हणतात. आई त्याला ‘गिरणी’ म्हणते. बाबा कापडगिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा पूर्ववत चालू झालीच नाही आणि पुढची वीस वर्षे त्यांनी घरोघरी वायरिंगची कामे करून आम्हाला शिकवले. त्यामुळे आई ‘गिरणी बंद पडली’ म्हणाली की ते अजूनही क्षणभर मान वर करून पाहतात.

मुंबईत हे यंत्र अद्याप विरळाच दिसते. परंतु नायगावचे स्वयंपाकघर आता झपाट्याने बदलत आहे. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या इथल्या बेचाळीस बीडीडी चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या एका खोलीत संसार झाले, त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांच्या घरांचे मनोरे येत आहेत. गीझर, चिमणी, पाणी शुद्ध करणारे यंत्र, एक्झॉस्ट पंखा अशी भिंतीतल्या वायरीला जोडलेली उपकरणे आता वृद्धांच्या रोजच्या हाताखाली येणार. म्हणून एका यंत्राची ही हकीकत सांगतो. ती सांगताना अखेरीस मला आजाराविषयीच बोलायचे आहे.

यंत्र काय करते

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन येथे जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ मध्ये हे यंत्र प्रथम तयार केले. त्यात मिक्सरसारखी पाती असतात असा समज आहे, तो चुकीचा. आत एक चकती वेगाने फिरते. तिच्यावरचे धातूचे ठोकळे उष्टे-खरकटे बाहेरच्या खरखरीत कड्यावर आपटतात. त्याचा बारीक लगदा होतो आणि तो पाण्याबरोबर सांडपाण्याच्या नळीत जातो. म्हणून यंत्र चालू असताना थंड पाण्याची धार सुरू हवी. नारळाची शेंडी, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची साले, उसाचे चिपाड यांचे धागे आत गुंडाळले जातात, तर तूप-तेल पुढे नळीत थिजते. या वस्तू बादलीतच टाकाव्यात. जुन्या इमारतींच्या नळ्या अरुंद आणि गंजलेल्या असतात, त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी प्लंबरला नळी दाखवून घ्यावी.

आत हात कधीही घालायचा नाही. चमचा पडला तरी वीज बंद करून चिमट्यानेच काढायचा. यंत्र नुसते गुणगुणले तर काहीतरी अडकले आहे. आवाजच आला नाही, तर बहुधा त्याचे संरक्षक बटण उडाले आहे. बऱ्याच यंत्रांना तळाशी असे लाल बटण असते. मात्र यंत्राच्या तळातूनच पाणी ठिबकू लागले, तर आतील सील गेले असे समजावे. अशा वेळी बहुधा यंत्रच बदलावे लागते. परदेशातील मुलांनी प्रेमाने असे यंत्र सामानातून आणायचे म्हटले, तरी आणू देऊ नये. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३० व्होल्ट असतात.

आईच्या यंत्राचे तळच गळत होते. आणखी एक गोष्ट होती. त्याला तीन पिनांचा प्लग नव्हता. सिंकवरच्या भिंतीतल्या बटणाने ते चालू-बंद होई आणि त्याची वायर थेट भिंतीतल्या जोडपेटीत शिरत होती. प्लग असला तर तो उपटून हातात धरता येतो, म्हणजे वीज तुटली हे डोळ्यांना दिसते. थेट जोडणीत ते दिसत नाही, त्यासाठी दुसरी खात्री करावी लागते.

सिंकखाली बाबा

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी घरी गेलो, तेव्हा आई झोपली होती आणि बाबा सिंकखालच्या कपाटात अर्धे आत शिरलेले होते. बाजूला टेस्टर, पक्कड आणि त्यांचा जुना पेचकस. बाहेर येताना त्यांना उठता येईना. गुडघ्यांची झीज आहेच. उठल्यावर दोन मिनिटे त्यांनी भिंतीला धरून डोळे मिटले.

त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ते रक्त पातळ करणारे औषध घेतात. अशा माणसाचे डोके कपाटाच्या कडेवर आपटले, तर बाहेर साधे टेंगूळ दिसते आणि आत मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकते. डोकेदुखी, गुंगी, उलटी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसतात. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या औषधावरच्या वृद्धाच्या डोक्याला मार लागला, तर ‘फार लागले नाही’ असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे आणि गोळीचे नाव सांगावे. शिवाय बराच वेळ खाली बसून एकदम उठल्यावर या वयात रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर अधिकच.

हे सगळे मी त्यांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “मग तू आत शिर. मी इथे खुर्चीवर बसतो.”

‘तुम्ही हात लावू नका’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात मुले आणि सुना वृद्धांना माझ्यासमोरच सांगतात. त्यामागे काळजी असते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर हातांवर घर चालवले, त्याला ते वाक्य निवृत्तीचा दुसरा कागद वाटतो. मग तो तेच काम घरचे झोपले की चोरून करतो. बाबांचे गुडघे आणि त्यांचे रक्त सिंकखाली जाण्याजोगे नव्हते. त्यांचे ज्ञान मात्र शाबूत होते. आम्ही रविवार ठरवला.

बटण बंद, वीज चालू

नवे यंत्र त्याच कंपनीचे आणि तेवढ्याच क्षमतेचे आणले, म्हणजे सिंकची कडी बदलावी लागणार नव्हती. मी विजेच्या बोर्डाकडे गेलो. स्वयंपाकघराच्या एमसीबीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती. मी हात लावणार तोच बाबा म्हणाले, “थांब. आधी गिरणी चालू कर. मग खटका पाड आणि ऐक.”

सिंकखाली कोणी नाही, हात कोरडे आहेत, हे पाहून यंत्र चालू केले. मग स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडला. ट्यूबलाइट गेली, फ्रिज थांबला. यंत्र मात्र घरघरत राहिले.

बाबा खुर्चीवरून म्हणाले, “दिवा गेला म्हणून वीज गेली, असं धरून किती जण मेले असतील, सांग बरं.” एकेक खटका पाडत गेलो, तेव्हा न्हाणीघरातल्या गीझरच्या एमसीबीला यंत्र थांबले. बारा वर्षांपूर्वी ते बसवणाऱ्या माणसाने जवळची म्हणून गीझरचीच वायर फोडून इकडे आणली होती. मग मेन स्विचही बंद केला. एकेरी एमसीबी फक्त फेजची वायर तोडतो. दोन्ही वायरी तोडणारा मेन स्विच बंद केला, म्हणजे कुणी पूर्वी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असले तरी धोका उरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करावा लागतो. बोर्डापाशी बहिणीच्या मुलाला उभे केले आणि कुणालाही हात लावू द्यायचा नाही असे बजावले.

जोडपेटी उघडण्यापूर्वी एक गोष्ट बाबांनी आदल्या रात्रीच करवून घेतली होती. टेस्टर चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो का, हे पाहून ठेवले होते. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, आणि न पेटलेल्या टेस्टरवर माणूस विश्वास ठेवतो. पेटी उघडून प्रत्येक वायरीला टेस्टर लावला. कुठेच पेटला नाही. काम संपून मेन चालू केल्यावर तोच टेस्टर पुन्हा प्लगमध्ये पाहिला, तो ठीक होता.

पुढचे काम हमालीचे होते. यंत्राखाली बादली ठेवून सांडपाण्याची नळी सोडवली. यंत्र सहा-सात किलोंचे असते. आडवे पडून ते एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने कडी फिरवायची, म्हणजे खांद्याला आणि मानेला दुखापतीचे आमंत्रण. बाबांच्या सांगण्यावरून तांदळाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर लाकडाच्या फळ्या रचल्या आणि यंत्राचा भार त्यावर घेतला. कडी फिरवताच ते अलगद सुटले. नवे यंत्र त्याच डब्यावरून वर चढवले.

मग वायरी जोडायला घेतल्या. भिंतीतून आलेल्या वायरी जुन्या पद्धतीच्या होत्या: लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. नव्या यंत्राच्या तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. रंगांवर विसंबायचे नाही, प्रत्येक वायर कुठून येते ते पाहायचे, असे बाबांनी दोनदा सांगितले. हिरवी वायर ओढून पाहिली तशी ती सहज बाहेर आली. तिचे टोक कापून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

अर्थिंगची वायर असते ती उपकरणाचे धातूचे आवरण जमिनीशी जोडण्यासाठी. आतल्या बिघाडाने आवरणात वीज उतरली, तर ती या सोप्या वाटेने जमिनीत जाते आणि खटका पडतो. ही वाट नसेल, तर ती दुसरी वाट शोधते. सिंक स्टीलचे होते, यंत्र आतून ओले झालेले होते, आणि त्या सिंकपाशी रोज ओल्या हातांनी माझी आई उभी राहत होती.

मी तिला विचारले, “आई, भांडी घासताना कधी हाताला काही लागतं का?”

ती म्हणाली, “मुंग्या येतात रे. दोन-तीन आठवडे झाले. साखर वाढली असेल म्हणून बोलले नाही. गोळी वाढवशील ना तू.”

मुंग्या: कुठे आणि केव्हा?

आईला अठरा वर्षे मधुमेह आहे, म्हणून तिने काढलेला अर्थ अडाणीपणाचा नव्हता. घरोघरचे वृद्ध असाच विचार करतात. प्रत्येक नव्या त्रासाला जुन्या आजाराचे नाव देतात, औषध वाढेल म्हणून तो लपवतात आणि मुलांना त्रास नको म्हणून गप्प बसतात. म्हणून मुंग्यांविषयी काही खुणा लक्षात ठेवाव्यात.

मधुमेहाच्या मुंग्या बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होतात, दोन्ही पायांना सारख्याच असतात, रात्री वाढतात आणि हातांपर्यंत उशिरा पोहोचतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि काटेकोर शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असेच होते. ते रक्ततपासणीत कळते आणि भरून काढता येते. मनगटातील शीर दबली, तर अंगठा आणि त्याजवळच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. मानेच्या मणक्यांमुळे येणाऱ्या मुंग्या मान वळवण्याबरोबर बदलतात. एका बाजूला अचानक बधिरता आली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

विजेच्या मुंग्या यांपैकी कशासारख्याही नसतात. त्या एका ठरावीक वस्तूला हात लावला असतानाच येतात आणि हात काढताच थांबतात. हात ओले असले, पाय अनवाणी असले की जास्त जाणवतात. घरातल्या दुसऱ्या माणसालाही त्याच जागी जाणवतात. आई ज्या दिवशी रबरी चप्पल घालून उभी राहत होती, त्या दिवशी तिला काही होत नव्हते. फरशी पुसून अनवाणी उभी राहिली की मुंग्या येत होत्या. शरीराचा आजार चप्पल पाहून येत नाही.

शंका आली तर ‘मी हात लावून पाहतो’ असे मात्र कुणी करू नये. मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. शंभराच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडू शकते. मुंग्या आणि मृत्यू यांत एवढेच अंतर आहे, आणि ओली त्वचा ते झपाट्याने कमी करते, कारण कोरड्या त्वचेचा विरोध तिच्यात उरत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या हातांना तर पहिली सूचना मिळेलच असे नाही.

कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल, तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. तो श्वास घेत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. शुद्धीवर असलेल्या वृद्धालाही मोठा शॉक बसल्यानंतर ईसीजी करून घ्यावा. त्वचेवरचा डाग लहान असला तरी आतली भाजणूक मोठी असू शकते.

मी कुठे थांबलो

यंत्र बसवले, नळी जोडली, पाणी सोडून गळती नाही हे पाहिले. विजेची जोडणी मात्र केली नाही. वायरींची टोके कनेक्टरमध्ये बंद करून पेटी मिटवली आणि गीझरचा खटका खालीच ठेवला. घरातले उपकरण त्याच क्षमतेच्या दुसऱ्या उपकरणाने बदलणे घरच्या माणसाला करता येते. नवी वायर ओढणे किंवा वायरिंग बदलणे हे नियमानुसार परवानाधारक वीज कंत्राटदाराचे काम आहे, आणि ते योग्यच आहे. मंगळवारी तो आला. मीटरखोलीपासून अर्थिंगची वायर वर आणली, यंत्राला स्वतंत्र एमसीबी दिला आणि थेट जोडणी काढून सिंकपासून दूर, हाताच्या उंचीवर तीन पिनांचा प्लग बसवला. बोर्डात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबीही आला. त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. तोवरचे दोन दिवस आईबाबांनी माझ्या घरी आंघोळ केली आणि ओल्या कचऱ्याची बादली मी खाली नेली.

घरात वृद्ध असतील, तर कुटुंबाने एवढे करावे. थेट जोडलेल्या उपकरणाला वेगळा खटका आहे का आणि अर्थिंग जिवंत आहे का, हे तपासून घ्यावे. स्टूलवर चढणे, खाली शिरणे आणि जड वजन तोलणे ही तीन कामे वृद्धांकडून काढून घ्यावीत. बघणे, विचारणे, सुचवणे आणि खात्री करून घेणे ही कामे त्यांच्याकडेच ठेवावीत, आणि त्यांनी ‘थांब’ म्हटले की खरोखर थांबावे. आईच्या मुंग्या कळल्यावर मी तिची साखर तपासली, ती नेहमीइतकीच होती. यंत्राला अर्थिंग मिळाल्यावर मुंग्या गेल्या आणि तिची गोळी वाढली नाही.

बाबांनी त्या आठवड्यात एक कागद तयार केला. कोणत्या खटक्यावर काय चालते, हे त्यांनी एकेक खटका पाडून आणि आईला खोल्याखोल्यांतून ओरडायला लावून शोधले, मोठ्या अक्षरांत लिहिले आणि बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवले. त्यात दोन ओळी आईच्या जुन्या चिठ्ठ्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. असा कागद आपल्या घरी नसेल, तर येत्या रविवारी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला खुर्ची देऊन बोर्डापाशी बसवावे आणि तो लिहून घ्यावा.